रिकाम्या जात्याचा आवाज

धारच्या गॅरेजात नीलकंठराव पोतनीसांपाशी पाने होते, जॅक होते, हातोड्या होत्या. पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे रवीचा एक दांडा. त्यांच्या बायकोच्या, जयवंतीबाईंच्या, सासूच्या वेळची ती ताक घुसळायची रवी. तिचं फूल फुटलं तेव्हा ती चुलीतच जायची, पण नीलकंठरावांनी दांडा काढून घेतला, आणि पुढची पंचवीस वर्षं तो त्यांच्या कानाशी राहिला. एक टोक जीपच्या पोटाखालच्या लोखंडाला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. डोळे मिटून दोन मिनिटं बसायचं, की आत काय दुखतंय ते त्यांना कळे. वैद्याने नाडी बघावी तसं हे गाडीची बघतात, असं लोक म्हणत.

त्यांचे वडील दत्ताजी संस्थानच्या मोटारखान्यात कारकून होते. संस्थान गेलं, मोटारखाना गेला, उरल्या त्या लष्कराच्या मोडीतून आलेल्या जुन्या जीपा. त्यांतली एक नर्मदातीर आरोग्य मंडळाने फिरत्या दवाखान्यासाठी घेतली, आणि जीपबरोबर नीलकंठरावही मंडळाचे झाले. दर गुरुवारी ती जीप डॉक्टर विद्युल्लताबाईंना आणि औषधांच्या पेट्यांना घेऊन घाट उतरायची, धरमपुरीच्या पुढे नदीकाठच्या वस्त्यांना जायची. तिथे रस्ता असा नव्हताच. नाले होते, गोटे होते, आणि नदीवरून वर येणारी एक चढण होती, माकडाने चढावी अशी.

त्या चढणीवर जीप चढायची ती एका लोखंडी पेटीच्या जिवावर. गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेली ही पेटी इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देते. तिला गॅरेजात नुसतं ‘ट्रान्सफर’ म्हणत. तिचे दोन आखूड दांडे ड्रायव्हरच्या पायाशी. एकाने पुढची चाकं जोडायची, दुसऱ्याने लो लावायचा, म्हणजे चाल कमी आणि जोर दुप्पट.

भगवंत ड्रायव्हर नवा आला तेव्हा नीलकंठरावांनी त्याला हे दांडे मुंज लागलेल्या बटूला संध्या शिकवावी तसे शिकवले.

“आधी पुढची चाकं जोड, मग लो. उलटं केलंस तर सगळा जोर मागच्या आसावर जातो. लो लावताना गाडी उभी पाहिजे. आणि डांबरावर आलास की पुढचा दांडा सोडायचा. नाही सोडलास तर दाते एकमेकांच्या उरावर बसतात, मग दांडा हलत नाही.”

“मग काय करायचं, काका?”

“जोर नाही करायचा. दहा पावलं गाडी मागे घ्यायची. आपोआप सुटतो.”

भगवंत हसला. “घरवालीशी बिनसलं तर अपन पण हेच करतो. दहा पावलं पीछे.”

“तुझी इंदिराबाई भेटू दे, तिला सांगतो.”

“ना भिया, तेवढं नको.” मग जीभ चावून म्हणाला, “काका.”

आठ वर्षं दोघांचं असं चाललं. भगवंत चालवायचा, काका ऐकायचे. जीप घाटात कुठे अडली नाही.

१९८० च्या थंडीत एका सकाळी नीलकंठराव देवपूजा करत होते. जयवंतीबाई भाकरी थापत होत्या. घंटा वाजली, मग पुन्हा वाजली, मग तिसऱ्यांदा. त्या पिठाच्या हातांनी दारात आल्या. नीलकंठराव घंटा डोळ्यांपुढे धरून तिची जीभ बघत होते.

“हिची जीभ निसटलीय का गं?”

“नाही हो. तीनदा वाजली.”

त्यांनी घंटा खाली ठेवली. मग गंध उगाळत बसले, बराच वेळ, वाटीभर होईल इतकं.

इंदूरच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की कानाची नस सुकते आहे, वर्षानुवर्षं लोखंडाच्या आवाजात बसल्याने असं होतं. जाड आवाज अजून येतात, बारीक गेले. पुढे जाडही जातील. औषध नाही. यंत्र लावलं तर बोलणं थोडं कळेल, पण गाडीच्या पोटातलं काही कळायचं नाही.

बसने परत येताना नीलकंठराव एवढंच म्हणाले, “गॅरेजात बोलायचं नाही. ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी मी पाने पुसणारा.”

जयवंतीबाईंनी मान हलवली. त्यांना त्या वेळी नवऱ्याच्या मानाचं वाटलं. ती चढण त्यांनी पाहिलेली नव्हती.

उपाय नीलकंठरावांनीच काढला. बुधवारी दुपारी साडेबाराला गॅरेजातली माणसं जेवायला घरी जात. जयवंतीबाईंनी डबा घेऊन यायचं. जीप चारी चाकांनी ठोकळ्यांवर उचललेली असे, इंजिन चालू, गिअर पडलेला, चाकं हवेत फिरताहेत. हँडब्रेक नीलकंठराव अर्धा ओढून ठेवत. या जीपचा हँडब्रेक चाकांना नसतो, ट्रान्सफरमधून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर असतो. तो ओढला की आतल्या दात्यांवर चढणीसारखा भार येतो आणि दुखणं बोलू लागतं. मग ते रवीचा दांडा पेटीवर धरत आणि दुसरं टोक बायकोकडे देत. जयवंतीबाई डोक्यावर पदर घेऊन वाकत, कानामागे टोक लावत, आणि मनात नारायणाचं नाव घेत.

“काय ऐकू येतं?”

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “आवाज येतो.”

“अगं, कसला? घरातल्या कशासारखा?”

“जातं दळतंय. दाणा भरपूर आहे.”

“चांगलं. दाणा आहे म्हणजे तेल आहे. आता?”

“डाळ भरडताना खडा यावा तसं. मधूनमधून.”

“एका दात्याचा टवका उडालाय. आता हाय गिअरमध्ये ऐक.”

असं करत दोघांचा एक कोश तयार झाला. पुरणयंत्राची किरकिर म्हणजे पुढच्या दांड्याचं बेअरिंग. खलबत्त्यासारखा ठोका म्हणजे सांधा सैल. आणि एक आवाज नीलकंठरावांनी त्यांना आधीच सांगून ठेवला होता, तोवर आलेला नसताना: “जातं रिकामं फिरल्यासारखं वाटलं, दगडावर दगड, वरून बारीक सूं, तर ते वाईट. मधल्या गिअरच्या आत सुयांएवढे रूळ असतात. ते खलास झाले की गिअर तिरपा होतो, आणि लो ऐन भारात निसटतो. मग गाडी ना पुढची ना मागची.”

दीड वर्ष हे चाललं, कुणाला कळलं नाही. जयवंतीबाईंना आधी लाज वाटायची, पुढे बुधवार आला की बरं वाटू लागलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने “काय ऐकू येतं” असं त्यांना पहिल्यांदाच विचारलं होतं.

१९८२ च्या भाद्रपदात भगवंत सांगत आला की लो निसटतोय. त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून दांडा सीटच्या पायाला बांधून ठेवला होता. “ट्यूब तोडून उडी मारतो, काका. डॉक्टरबाईंना सांगितलं, तुम्ही पाय लावून धरा. त्या म्हणे, मी एमबीबीएस याच्यासाठी झाले का.”

नीलकंठरावांनी पेटी उतरवली. आतला, मधल्या गिअरचा दांडा झिजला होता. तो नवा घातला, रूळ मिळाले तेवढे नवे आणि बाकीचे जुन्यांतले निवडून घातले, झिजलेल्या चकत्यांच्या जागी कारागिराकडून पितळेच्या कातून आणल्या. मागचं ऑइल सील गळत होतं, त्याचं तेल हँडब्रेकच्या डब्यात जात होतं. ते सील मिळेना. त्यांनी डबा पेट्रोलने धुतला, पुसला, आणि सीलचं काम पुढच्या आठवड्यावर टाकलं. निवडलेले जुने रूळ आत कसे बसलेत, हे आता फक्त ऐकून कळणार होतं. बुधवार होताच.

जयवंतीबाई साडेबाराला डबा घेऊन पोचल्या, तर गॅरेजात मंडळाचे चिटणीस भैयासाहेब खुर्ची टाकून बसलेले. बरोबर मल्हारराव, सडक खात्यातून निवृत्त झालेले, सगळ्या यंत्रांवर मत असलेले गृहस्थ. जीप ठोकळ्यांवर, इंजिन चालू.

“या वहिनी,” भैयासाहेब म्हणाले. “बघा मल्हारराव, आमच्या नीलकंठरावांना गरम जेवण गॅरेजात. अपन घरी गेलो तरी गार मिळतं.”

नीलकंठरावांच्या हातात दांडा होता. जयवंतीबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि सवयीने दोन पावलं पुढे झाल्या.

मल्हारराव हसले. “वहिनी पण मेकॅनिक झाल्या वाटतं.”

नीलकंठरावांच्या कपाळावर शीर उठली. “डबा ठेव तिथे,” ते म्हणाले, “आणि जा घरी.”

त्या निघाल्या. दारापर्यंत आल्या तेव्हा मागे नीलकंठरावांनी हँडब्रेक अर्धा ओढला, आणि तो आवाज आला. दांडा कानाला नव्हता तरी आला. दगडावर दगड, आणि वरून बारीक सूं. जयवंतीबाई उंबऱ्यावर थांबल्या. वळून पाहिलं तर नीलकंठराव डोळे मिटून, कानाला टोक लावून, मान हलवत होते.

“मऊ चाललीय,” ते भैयासाहेबांना म्हणाले. “लोण्यासारखी.”

त्या परपुरुषांपुढे काही बोलल्या नाहीत. घरी आल्या.

संध्याकाळी जेवताना त्यांनी सांगितलं. समोर बसून, तोंड दिसेल असं, स्पष्ट सांगितलं. “दारातून मला रिकामं जातं ऐकू आलं.”

नीलकंठरावांचा घास हातात राहिला. “दारातून काय ऐकू येणार? शेजारी लोहाराचा भाता असेल.”

“भाता नव्हता हो.”

“मी ऐकलं ना. तीस वर्षं ऐकतोय.” मग भात कालवत, आवाज उतरवून म्हणाले, “काहीच खरखर नव्हती. इतकी गुळगुळीत कधी लागली नव्हती.”

त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, आणि त्यालाच ते गाडीची तब्येत समजले होते. हे दोघांनाही त्या ताटावर कळलं असावं. पण कोणी म्हटलं नाही.

गुरुवारी सकाळी जयवंतीबाई कालिकेला निघाल्या. गॅरेज वाटेवरच. नीलकंठराव त्यांच्याही आधी जाऊन उभे होते, बॉनेटवर तळहात टेकून. विद्युल्लताबाई पुढे बसलेल्या, कंपाउंडर मागे पेट्यांमध्ये. भगवंतने आरशाला झेंडूचं फूल अडकवलं.

“काका, जाऊ?”

नीलकंठरावांनी एकदा जयवंतीबाईंकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. जयवंतीबाईंनी हातातल्या ताम्हनाकडे पाहिलं. त्यात हळदकुंकू होतं, नारळ होता, दोन फुलं होती. त्या वेळी त्या “थांबा” म्हणाल्या असत्या तर काय झालं असतं? चारचौघांत नवऱ्याची लाज गेली असती. एवढंच झालं असतं.

“जा,” नीलकंठराव म्हणाले.

जीप परतताना चढणीवर गेली. नाला ओलांडून आलेली, म्हणून पायाचे ब्रेक ओले. पुढची चाकं जोडलेली, लो लावलेला, सगळं शिकवल्याप्रमाणे. निम्म्या चढणीवर लो निसटला. भगवंतने हँडब्रेक ओढला, तो तेलाने बुळबुळीत झालेला. जीप मागे घरंगळू लागली. मागे नदी होती. त्याने डॉक्टरबाईंना हाताने बाहेर ढकललं, कंपाउंडरला ओरडून उडी मारायला लावली, आणि चाक वळवून जीप दरडीवर घातली. ती उलटली. विद्युल्लताबाईंचं मनगट मोडलं. भगवंत जीपखाली सापडला. धारला आणेपर्यंत नव्हता.

मोडकी जीप ओढून आणली त्या दिवशी नीलकंठरावांनी पेटी उघडली. जयवंतीबाईंनी ते पाहिलं, कारण त्या दिवशी त्यांना घरी बसवेना. पेटीत हात घालून त्यांनी मूठभर रूळ बाहेर काढले. काहींच्या नुसत्या किरच्या झाल्या होत्या. ते त्यांनी रुमालात बांधले आणि भैयासाहेबांकडे गेले. तासाभराने रुमाल तसाच घेऊन परत आले.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, संस्थेने तपासून पास केलेली गाडी होती. आता आतून तुटली म्हटलं तर दवाखाना बंद पडेल, चाळीस गावं उघडी पडतील. गेलेला काही परत येत नाही.” मग म्हणाले, “मी सही केली.”

कागदावर असं होतं, की चालकाने पुढची चाकं न जोडता लो लावला, त्यामुळे गाडी ताब्यात राहिली नाही.

दहाव्याला सगळे तळ्यावर गेले. बायका वडाखाली बसल्या, मधे इंदिराबाई, कपाळ पुसलेलं. पिंड ठेवला. कावळा आला, फांदीवर बसला, आणि खाली उतरेना. भावाने हात जोडून सांगितलं, “वहिनीला अंतर देणार नाही.” कावळा बसून. भैयासाहेब म्हणाले, “मुलीचं लग्न मंडळ करील.” कावळा मान वाकडी करून बघत राहिला. ऊन चढलं. भटजी म्हणाले, “अजून काही राहिलं असेल त्यांचं मनात, कुणाला ठाऊक असेल तर बोला.”

जयवंतीबाईंनी पाहिलं, नीलकंठराव उठले. पिंडाकडे चार पावलं गेले. ओठ हलले. मग त्यांनी उपरणं सारखं केलं आणि परत येऊन आपल्या जागी बसले.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि त्याची चोच पिंडाला लावली.

दवाखाना काही वाचला नाही. डॉक्टरबाई इंदूरला गेल्या, नवा ड्रायव्हर टिकेना, दोन वर्षांत मंडळ गुंडाळलं आणि जीप मोडीत गेली. नीलकंठराव आणि जयवंतीबाई देवासला आले, मुलाकडे. शरदचंद्र तिथे कारखान्यात लागला होता, कंपनीच्या घरांत राहायचा. नीलकंठरावांचे जाड आवाजही गेले. गळ्यात दोरीने पाटी अडकवलेली; सून, नातवंडं, सगळे तीवर लिहीत, अर्धं हिंदीत. रोज सकाळी ते टेकडी चढत, थोरल्या देवीला हात जोडत, मग धाकटीला. काय मागत ते जयवंतीबाईंनी कधी विचारलं नाही. पाटीवर तसलं लिहितात का.

पाच वर्षांनी, कार्तिकात, एक दिवस त्यांनी आपणहून पाटी ओढली आणि लिहिलं: “इंदिराबाईकडे जायचं.” त्यांना बोलता येत होतं, पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ते हल्ली लिहीतच.

इंदिराबाई धारलाच दिराच्या घरी मागच्या खोलीत राहायच्या. मुलगी नलू राजगढला दिलेली. त्यांनी सतरंजी घातली, पाणी दिलं. नीलकंठरावांनी रुमाल सोडला आणि त्या किरच्या जमिनीवर ठेवल्या. मग बोलले, खूप मोठ्याने, खोलीभर.

“भगवंतची चूक नव्हती. माझे कान गेले होते. मी ऐकल्याचं सोंग केलं. त्याने सगळं बरोबर केलं होतं, पुढची चाकं जोडली होती. कागदावर माझी सही खोटी आहे.”

“मीपण ऐकलं होतं,” जयवंतीबाई म्हणाल्या. “मीपण गप्प राहिले.”

इंदिराबाईंनी किरच्यांना हात लावला नाही.

“नलूच्या सासरी काय म्हणतात ठाऊक आहे का, काकू? बाप पिऊन चालवायचा म्हणतात. आधी म्हणत, दांडा चुकला. मग म्हणू लागले, चुकला म्हणजे पिऊनच असणार. सहा महिन्यांनी एकदा पाठवतात तिला. आता हे सांगू कुणाला? मंडळ नाही, भैयासाहेब अंथरुणाला खिळलेत.” त्यांचा आवाज चढला नाही. “हे त्या दिवशी कावळ्यापुढे बोलायचं होतंत. अर्धं धार होतं तिथे. आता या खोलीत मी आहे, आणि मला तर ठाऊकच होतं. ते पिऊन कधी बसले नाहीत गाडीत.”

नीलकंठराव त्यांच्या ओठांकडे बघत होते. काही कळलं नाही तेव्हा त्यांनी पाटी काढून जयवंतीबाईंपुढे धरली.

जयवंतीबाईंनी खडू हातात घेतला. काहीतरी गोड लिहिता आलं असतं. माफ केलं म्हणाली, असं लिहिलं असतं तर ते त्यावर उरलेलं आयुष्य काढते. पण एकदा त्या गप्प राहिल्या होत्या आणि माणूस गेला होता. त्यांनी जसं होतं तसं लिहिलं: “कावळ्यापुढे बोलायचं होतंत. आता उपयोग नाही.”

नीलकंठरावांनी वाचलं. पुसलं नाही. पाटी तशीच गळ्यात घालून उठले.

इंदूरला बस बदलून देवासची धरली. चाकावरची सीट मिळाली. क्षिप्रेच्या पुलाअलीकडे नीलकंठरावांनी चप्पल काढली, उघडा तळवा बसच्या पत्र्यावर ठेवला आणि डोळे मिटले. मग जयवंतीबाईंचा हात धरून मोठ्याने म्हणाले, “मागचं बेअरिंग गेलंय.”

पुढच्या सीटवरचे दोघे वळून हसले.

जयवंतीबाईंनी कान दिला. बसमध्ये पोरं रडत होती, काचा खडखडत होत्या, त्यांना वेगळं काही ऐकू येईना. खरं असेल, नसेल. त्या उठल्या, सीटा धरत धरत पुढे गेल्या आणि ड्रायव्हरच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

“भिया, पीछे का बेअरिंग गया है. हमारे ये बोलते हैं. रोक के देख लो.”

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. मागे डोळे मिटून बसलेला, गळ्यात पाटी अडकवलेला म्हातारा त्याला दिसला.

“माई, ये गाडी दस साल से ऐसीच आवाज करती है. बैठ जाओ.”

त्या आणखी एकदा म्हणाल्या. त्याने रेडिओ मोठा केला. मग त्या परत येऊन नवऱ्याशेजारी बसल्या. देवासची टेकडी दिसायला लागेपर्यंत नीलकंठरावांचा तळवा पत्र्यावरून उठला नाही.